बोंडू तुडवणारी देवकी

गेल्या गणपतीच्या चवथीनंतर लाटंबार्शे गावात एक बातमी फिरली: आमच्या शेजारच्या देवकीने म्हापशाला जाऊन पोट कापून लहान करून घेतलं. मासेवालीने तर टाके किती पडले तेही सांगून टाकलं. कारण काय, तर चवथीला देवकीने गोड नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट हात न लावता परत पाठवलं.

साफ खोटं! पोट होतं तिथंच आहे. मी कुंपणाला कुंपण लावून राहतो, रोज बघतो.

मुळात देवकीचं माहेरच मोठ्या अंगाचं. बाप रिक्षात बसला की रिक्षावाला दुसरं भाडं घेत नसे. दोन्ही आत्या तशाच. पन्नाशीनंतर तिघांनाही साखरेने अंथरुणाला खिळवलं. गेल्या पावसात देवकीलाही साखर निघाली आणि तिचा मुलगा सर्वेश घाबरला.

"आई, यंदा काजूचो डोंगर दुसऱ्याक देतंय. साखर उतारली तरच तू वयर चडाचा."

डोंगर म्हणजे देवकीचा जीव. लग्न होऊन आल्यापासून दर मोसमात काजूची पिकली फळं, म्हणजे बोंडू, वेचायचे आणि दगडी कुंडीत पायांनी तुडवून रस काढायचा, हा तिचा मान. तो कोणाला द्यायचा?

मग ती लागली कामाला. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की पिशवीभर उंडे घेणारी बाई एका उंड्यावर आली. चहातली साखर गेली, सकाळी नाचणीची आंबील आली. काजूखालची झुडपं तोडायला माणसं न लावता स्वतःच कोयता घेऊन डोंगर चढू लागली. मी स्कूटरवरून ओरडायचो, "गो देवकी, डोंगर खाली येतलो!"

"मगे तू खालसून धर त्याका!"

फेब्रुवारीत सर्वेशने तिला डिचोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेलो, नाहीतर गावाला खरं कोण सांगणार? काट्यावर वजन जेमतेम चार किलो उतरलेलं. सर्वेशचं तोंड पडलं.

"इतक्या चलून चारच किलो?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अरे, ही चण वडिलांकडून आलीय, ती सगळी जायची नाही. पण साखर बघ, काबूत आली. ती काही आपोआप नाही आली. खाणं बदललं, पाय चालवले म्हणून आली. नुसत्या काट्याकडे काय बघतोस?"

गाडीत बसताच सर्वेशने फोन लावून डोंगर द्यायचं मोडलं. देवकी खिडकीबाहेर बघत होती, पण समोरच्या आरशात तिचं हसू मी पकडलं.

काल यंदाचे पहिले बोंडू कुंडीत पडले. आधी सर्वेश उतरला. काडीसारखा पोरगा, बोंडू त्याच्या पायांखालून निसटून पळायला लागले. मग देवकीने कासोटा घातला, पाय धुतले आणि उतरली. दोन फेऱ्यांत कुंडीच्या भोकातून रसाची धार लागली. त्यातला एक थेंबही तिने जिभेवर ठेवला नाही. अख्खी वाडी बघत होती, आणि खरं सांगतो, माझीच छाती फुगली होती. पण गप्प बसलो तर मी कसला?

"देवकी, आता आणखी बारीक होव नको गो! बापाशीचा आंग गेला तर रस कोण काढतलो?"

कमरेवर हात ठेवून ती तुडवतच राहिली. म्हणाली, "आंग बापाशीचा, विठू, ता खंय जावचा नाय. पण पाय माझे, ते मीच चलवतंय. तुझे खंय आसत? स्कूटरवर?"