नाडीचा रकाना

रिकामा रकाना दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. खोड जुनी आहे. तेविसाव्या वर्षी मी कालव्यांचं पाणी मोजणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. गावोगावच्या चौक्यांवरून नोंदवह्या यायच्या. प्रत्येक वहीत दहा-बारा रकाने; त्यातला सकाळी आठच्या पातळीचा तेवढा उचलायचा आणि सगळ्या वह्यांचा मिळून एक लांबलचक तक्ता करायचा, एवढंच काम. चौकीवरचा माणूस कधी लग्नाला जायचा, कधी तापाने पडायचा. त्या दिवशीची जागा कोरी. मग मी काय करायची? काल बारा, उद्या चौदा, म्हणजे आज तेरा. टाकलं लिहून! साहेब म्हणायचे, "बाई, तुमचा तक्ता बघा कसा भरलेला दिसतो." आणि ती शहाणी, म्हणजे मीच, पदर सावरत अशी घरी यायची, जणू सगळे कालवे हिनेच खणलेत. अक्षर मोत्यासारखं, अक्कल तिळाएवढी.

ती मेली नाही, माझ्याच घरात राहते, हे मला यंदा कळलं.

झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांना जिन्यात चक्कर आली. सदाशिव पेठेत हाकेच्या अंतरावर डॉक्टर, त्यामुळे धावपळ झाली नाही. डॉक्टर म्हणाले, काही महिने नाडीवर लक्ष ठेवू. नात खराडीला नोकरी करते, तिने नाडी मोजणारं घड्याळ आणलं. ते दिवसभर मनगटावर ठेवायचं. रोजची एक फाईल तिच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन पडते. हे म्हणाले, "मी काय पळून जाणार आहे, बेडी घालायला?" दोन दिवस घातलं, तिसऱ्या दिवशी फडताळात.

लगेच नातीचा फोन. "आजी, कालची फाईल एम्प्टी आली. आजोबा वॉच घालत नाहीयेत का?"

"घालतात गं," मी म्हटलं आणि घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं. त्या दिवसापुरतं. मग पुढच्याही दिवसापुरतं. पोळ्या लाटताना चांगलं दिसायचं.

पुढे मनात आलं की हे घालायचे, नाही आलं की मी. कुणी कधी घातलं, हे कशाला लिहून ठेवू? रकाना तर भरत होता.

आषाढात डॉक्टर म्हणाले, सगळ्या दिवसांची फक्त सकाळची नाडी एका कागदावर आणा. रविवारी नात लॅपटॉप घेऊन आली. मी एक फाईल उघडून पाहिली तर नुसत्या चौकटी, उलटीसुलटी चिन्हं.

"अगं, हे बिघडलंय."

"बिघडलं नाहीये गं आजी. प्रोग्रॅमने डेटा पॅक करून ठेवलाय, प्रोग्रॅमच तो उघडतो. आत सगळं आहे, वेळ, पावलं, झोप. आपल्याला पल्सचा कॉलम पाहिजे."

तिने दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती एकेक फाईल उघडणार, नाडीचा रकाना उचलणार, शेजारी तारीख लावणार, की पुढची. माझ्या कचेरीचं सहा महिन्यांचं काम चहा गाळून होईतो संपलं. मी कौतुकाने बघायला गेले तर पोरगी आकड्यांवरून बोट फिरवतेय. बहात्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, आणि मध्येच चव्वेचाळीस, शेहेचाळीस. पुन्हा सत्तर. पुन्हा पंचेचाळीस.

कागद डॉक्टरांना गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, नाडी मधूनमधून फार मंदावते, छातीत यंत्र बसवावं लागेल बहुतेक, गुरुवारी या. ह्यांनी "बरं" म्हटलं आणि चप्पल जागेवर ठेवली. फिरायला गेले नाहीत. दुपारी म्हणाले, "कुंड्यांना पाणी कधी घालायचं, बघून ठेव." एरवी एका गोष्टीला दहा टोमणे मारणारा माणूस इतकंच बोलला.

मी फडताळापाशी उभी. त्या आकड्यांत माझे किती? आठवेना. सोमवार की मंगळवार, काही म्हणता काही नाही. न सांगावं तर ह्यांची छाती उगाच चिरली जाणार. सांगावं तर सगळाच कागद फुकट, आणि खरंच ह्यांची नाडी मंद असली तर? शेवटी नातीला फोन लावला आणि सगळं ओकले.

"तुझ्या त्या स्क्रिप्टलाच विचार ना, घड्याळ कुणाच्या हातात होतं."

"आजी, तिला आकडा दिसतो. हात नाही दिसत."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आजोबा नक्की घरात नव्हते, असे दिवस सांग."

ते मात्र आठवलं! चैत्रात हे बहिणीकडे लोणी काळभोरला गेले होते. चार दिवस. घड्याळ पुण्यात, माझ्याकडे.

तिने तारखा काढल्या. वाचून दाखवलं, "चव्वेचाळीस. शेहेचाळीस. पंचेचाळीस. त्रेचाळीस."

मी म्हटलं, "म्हणजे ते मंद आकडे ह्यांचे नव्हेत! सुटलो."

"आजी," ती म्हणाली, "तुला चक्कर येते का गं?"

येते. ओट्याशी उभी असले की येते. पण ती उन्हाची, उपासाची, असं मीच ठरवून टाकलं होतं. काल बारा, उद्या चौदा.

ह्यांना सांगितलं तेव्हा आधी मोठ्याने हसले. "नोकरीभर सरकारला फसवलंस, आता मला!" मग माझ्याकडे बघता बघता हसू थांबलं.

गुरुवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही दोघांनी पेशंट कोण ते आधी ठरवून यायला हवं होतं." मग ह्यांना उठवून त्या खुर्चीत मला बसवलं.

आता माझ्या छातीवर तारा चिकटवलेलं एक डबडं आहे. तीन दिवस काढायचं नाही, भिजवायचं नाही. शिवाय ते घड्याळ. सकाळी हे चहाच्या आधी माझा हात मांडीवर घेतात आणि पट्टा आवळतात. भोक सापडत नाही.

आज मी म्हटलं, "अहो, एक दिवस राहू द्या की. आंघोळ तरी—"

"नाही," हे म्हणाले. "जागा कोरी राहील."

मी हात पुढे धरून बसले. भोक सापडायला बराच वेळ लागला.