वजा करायचे राहिलेले हंडे

पोकळ वस्तू दिसली आणि तिच्यात पाणी किती मावेल याचा हिशेब न करता मामा पुढे गेले, असं आजवर झालेलं नाही. मामा म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा, राहणार खर्डी. शहापूर-मुरबाडकडे शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले झाले, बंगल्यांत पोहण्याचे तलाव आले आणि मामांच्या या खोडीला चक्क गिऱ्हाईक मिळालं. तलावात पाणी किती आहे ते काढायचं, त्या मापाने क्लोरीनची पावडर टाकायची आणि काचेच्या नळीत घेतलेल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून त्याचा रंग बघून पाणी पास करायचं, हा त्यांचा धंदा. धंदा कसला, नादच. एका हळदीला त्यांनी वरणाच्या टोपात मोजपट्टी बुडवली आणि शेवटच्या पंगतीला पुरणार नाही असं सांगून टाकलं. वरण खरोखर संपलं, पण शाबासकी राहिली बाजूला, मामांची नजर लागली म्हणून बायकांनी त्यांनाच बोल लावला. पट्टी आधी धुतली होती, हे ते आजही आवर्जून सांगतात.

पाण्यावर त्यांचा विश्वास म्हणून नाही. पाणी काचेसारखं दिसतंय असं एक बंगलेवाला कौतुकाने म्हणाला, तर मामा म्हणाले, “दिसण्यावर जाऊ नको. लग्नात नवरा पण चांगलाच दिसतो.” मी शेजारीच उभा होतो आणि ते बघत होते माझ्याकडे.

पुढे ही अंगणात घसरून पडली. कंबरेचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण जमिनीवर पाय टेकवायचा तिने धसकाच घेतला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, नाहीतर पाय असाच राहील. मी परसात हौद खणायला घेतला, तर खाली काळा पत्थर लागला. गवंड्याने त्याला वळसा घालून असा काही हौद बांधला, की त्याची लांबी कुठली आणि रुंदी कुठली हे मामांनाही सांगता येईना. ऐन उन्हाळा, विहीर आटलेली. तेव्हा मामांनी तोड काढली, टँकर मोजायचे. प्रत्येक खेपेला ते स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आले, हौद भरला आणि ऊन कलल्यावर त्या हिशेबाने पावडर विरघळवून टाकली.

सकाळी ही कधी नव्हे ती आपणहून पायरीवर आली. कठडा धरून तिने एक पाय पुढे नेला, तेवढ्यात हातात नळी धरून मामा म्हणाले, “थांब गो. उतरू नको.” नळीतलं पाणी फिकं पिवळं हवं, ते झालं होतं भडक केशरी. औषध फार जास्त पडलं होतं. तिचा चेहरा पडला, पाय मागे आला. मी भडकलोच. एवढा धीर ती पुन्हा कधी गोळा करणार होती?

मामा पायरीवर बसले. “टँकरचं माप बरोबर व्हतं,” ते हळूच म्हणाले. “पन वाटेत पाड्यापाड्यावर बाया हंडे घेऊन उभ्या व्हत्या. मीच गाडी थांबवत आलो. ते वजा करायचं राह्यलं.”

वाटीभर पाणी कधी न विसरलेला माणूस हंडेच्या हंडे विसरला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. आणि ही चक्क हसली, पडल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, “बायांचे हंडे भरले ना, मामा? मग मी थांबते की.”

जास्तीचं औषध आम्ही उन्हाला खाऊ दिलं. नळी पिवळी झाली तशी ही पाण्यात उतरली, आणि मामा पँटसकट तिच्या बरोबरीने त्या पत्थरापर्यंत चालत गेले. आज ती मुरबाडच्या बाजारात पायी जाते. या माणसाचे उपकार मी कुठल्या मापाने मोजू, मला कळत नाही.

मामांना आता मोतीबिंदू झालाय. पिवळं कुठलं, केशरी कुठलं, कळत नाही. तरी येतात, नळी भरतात आणि रंग सांगायला हिला हाक मारतात. पूर्वी ते हौदाच्या काठावरच बसायचे. मग जांभळीखाली बसू लागले, अलीकडे तर पार फाटकाशी बसतात. मी एकदा खुर्ची जवळ आणून ठेवली, तर त्यांनी ती उचलून परत फाटकाशी नेली. तिथून हाक मारतात आणि ही अंगण ओलांडून जाते. ती पोचेपर्यंत ते हातातल्या नळीकडे नाही, तिच्या पायांच्या आवाजाकडे कान लावून बसलेले असतात.