तात्यांना सांगितलेलं खरं

फौजेत माझ्या बराकीत धारूरकडचाच एक जण होता. आमची गावं शेजारची, भरतीही सोबतच झालेली. युनिटच्या कार्यक्रमात आम्ही सोंगं करायचो. तो बाई व्हायचा, मी तिचा बहिरा नवरा. सगळी कंपनी हसून लोळायची. सिनेमात जायचं वेड खरं त्याचं. मी नुसता सोबतीला.

एका हिवाळ्यात उंचावरच्या ठाण्यावर तो झोपला तो उठलाच नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. शेजारी मीच होतो. शवपेटीसोबत गावी मलाच पाठवलं.

गावातल्या विहिरी दिवाळीलाच आटल्या होत्या. जनावरं चारा छावणीत. त्याचे वडील, तात्या, दूध सोसायटीचे सचिव. सोसायटीत कॅन रिकामे पडलेले. त्याच्या शेवटच्या आंघोळीसाठी बायकांनी घरोघरून टँकरच्या पाण्याचा एकेक तांब्या आणला.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "लई तरास झाला का रं त्याला?"

"न्हाई तात्या. झोपेतच गेला. त्याला कळलंबी न्हाई."

त्यांनी बराच वेळ माझा हात सोडला नाही.

निवृत्तीनंतर मी मुंबईला गेलो. मालिकांत हवालदार, वॉचमन असली कामं केली. मग एका सिनेमात जवानाचं काम मिळालं. मित्राच्या मरणाची बातमी त्याच्या बापाला सांगायची होती. लिहिलेलं वाक्य तोंडात बसेना. दिग्दर्शक म्हणाला, तुमच्या शब्दांत बोला. माझ्याजवळ शब्द तेवढेच होते, तात्यांना सांगितलेले. त्या प्रसंगानं माझं नाव झालं. फक्त, सिनेमातला जवान खोटं बोलत असतो. त्याचा मित्र हाल होऊन मेलेला असतो.

तात्यांनी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला. पुढं मी गावी गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "सिनेमात बोललास, तेच मला बोललतास."

"तात्या, तो सिनेमा हाय. तुमाला सांगितलं ते खरं हाय."

"तोंडबी तसंच केलतंस."

मी शपथ घेतली. जितक्या कळकळीनं बोलत गेलो, तितकं ते मला निरखत राहिले.

"लई चांगला नट हायेस तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्यानंतर सुटीवरचा कुणी जवान सोसायटीत आला, की तात्या त्याला बसवून घ्यायचे आणि विचारायचे, तिकडं वर माणूस कसा मरतो. हे मला त्याच्या आईनं, काकूंनी, तात्यांच्या दहाव्याला सांगितलं. मग त्यांनीही हळूच विचारलं, "झोपेतच गेला ना रं?"

मी नुसती मान डोलावली. तोंड उघडायची भीती वाटली.