आईच्या हाताशी लाटणं

हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, तापल्या तव्याचा वास आला की आईला शेवटचा निरोप दिला ती सकाळ आठवते. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये शवपेटी उघडी होती, इथे दहनही पेटीसकटच होतं, आणि आईसोबत तिची पैठणी ठेवायची, असा माझा हट्ट होता. जपानमधल्या प्राचीन थडग्यांचा अभ्यास करणारी ताई पुण्याहून आली होती. ती म्हणाली, “अरे, त्या मातीच्या टेकड्यांखाली सरदारांजवळ तलवारी, आरसे सापडतात, तसे विळे-कुऱ्हाडीही. त्यावरून कळतं, माणसं रोज काय करत होती. पैठणी आई दोनदा नेसली, वेड्या.” मग तिने आईच्या उजव्या हाताशी झिजलेलं लाटणं ठेवलं. अंत्यविधीवाल्या चिनी काकांनी ते निरखून पाहिलं, “वूड आह? कॅन लाह,” म्हणजे लाकूडच ना, मग जळेल, चालेल, असं म्हणाले आणि पेटी बंद केली. आईजवळ बारा वर्षं मी राहिलो, ताई फक्त सुट्टीत यायची. तरी आई तिलाच जास्त दिसली होती, हे आता मोकळेपणाने कबूल करतो.