बाई लागोसला कितीला पडतात

“आधी भाव सांग.” दुकानाच्या पायरीवर पाय पडायच्या आधी बाईंचं हे वाक्य आत यायचं. मी भाव सांगायचो. बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरायचा आणि माझी कागदावरची बेरीज व्हायच्या आत त्यांचा आकडा तयार असायचा. चौसाळ्यात माझं किराणा दुकान आहे. शाळेत मला गणित याच बाईंनी शिकवलं, त्यामुळे माझ्या बेरजेवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. त्याच्यासमोर आपण पन्नाशीतही पाचवीतच असतो.

या बाईंना मी हिशेबात अडकलेलं पाहिलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा आफ्रिकेत, लागोसला, एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यांचे यजमान, आमचे सर, वारले तेव्हापासून बाई माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मुलगा फार मागे लागला म्हणून सहा महिने तिकडे जाऊन आल्या. आल्या त्या गोंधळूनच.

“टमाटे कसे हायत तिकडं?” मी सहज विचारलं.

“हजाराला एवढे.” त्यांनी ओंजळ करून दाखवली.

“हजार?”

“रुपये न्हाईत रे, नायरा. रुपयांत केलं की वाटतंय बरे हायत. पण पोराला पगार नायऱ्यातच मिळतोय, मग मी रुपयांत काहून करू? आन् पुढच्या हप्त्यात तेवढेच टमाटे तेराशेला. मला तर स्वस्त म्हणावं का महाग, तेच कळंना.”

घरभाडं वर्षाचं एकदम मोजायचं. वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून जनरेटर आणि त्याचं डिझेल. पाणी टँकरचं. “टँकर बघून जीव जरा थाऱ्यावर आला,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, आपल्याकडचंच हाय की हे.”

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्या वही घेऊन आल्या. पानावर दोन रकाने आखलेले. एकावर ‘मी नसताना’, दुसऱ्यावर ‘मी असताना’.

“बघ बरं जरा. मी तिथं पोराला कितीला पडते?”

मला आधी प्रश्नच समजला नाही. बाई समजावून सांगू लागल्या, फळ्यापुढे उभं राहिल्यासारख्या. मुलगा कायमचं बोलवत होता. भाडं तेवढंच राहणार, ड्रायव्हर तोच. पण तो कारखान्यात गेल्यावर दिवसा जनरेटर चालायचा तो फक्त बाईंसाठी. तूरडाळ हिंदुस्थानी मालाच्या दुकानातून आणायची, ती महाग. बाई घरात असल्या की तो बाहेर जेवत नाही, ते वजा.

“कधी उत्तर अधिक येतंय, कधी उणे,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण असं गणित न्हाई बघितलं.”

मीही दोन दिवस डोकं घातलं. मला तर उत्तरच आलं नाही.

त्याच आठवड्यात मुलाचा मला फोन आला. “जयभीम दादा. एक विचारायचं होतं. आईला डाळ सोसत नाही का आता? इथं होती तेव्हा शिवलीसुद्धा नाही. पित्त होतं म्हणायची.”

बाई महिन्याला दोन किलो तूरडाळ माझ्याच दुकानातून न्यायच्या. मी खरं ते सांगितलं. वहीचंही सांगून टाकलं.

“मला वाटायचं तिला इथं करमत नाही,” तो म्हणाला, “म्हणून जेवण तुटलंय.” मग म्हणाला, “दादा, ती होती तेव्हा मी सहाला घरी यायचो. आता नऊ वाजतात. लवकर जाऊन करायचं काय?”

संध्याकाळी मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“हे कोणत्या रकान्यात घालू?”

त्यांनी काही लिहिलं नाही. टोपण लावून घरी गेल्या आणि चार दिवसांनी म्हणाल्या, “तिकीट काढ म्हटलं त्याला.”

बॅगेचं वजन माझ्याच काट्यावर केलं. वजन जास्त भरलं. बाईंनी आतल्या दोन साड्या काढून माझ्या हातात दिल्या. “डाळ घाल त्या जागी.”

“बाई, तिथं मिळती की डाळ.”

“मिळती. पण ती खाताना घास मोजावा वाटतो.”

बीडच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्या काहीतरी म्हणाल्या, पण गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. कशाला हो म्हणालो कोण जाणे. मुलाच्या घरी पाठवलं ते चांगलं केलं, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं, पण दुपारी दुकान रिकामं असलं की तेवढं वाटत नाही. तिकडे गेल्यावर परतीचं तिकीट बाईंनी रद्द करायला लावलं, हे मला मुलाकडून कळलं.

परवा मीटरचं रीडिंग घेणारा गल्लीत आला. बाईंच्या दाराशी थांबून त्यानं दोनदा आकडा पाहिला.

“चार महिने झाले, एक युनिट न्हाई पडलं. इथं राहतं का कोणी?”

मी गल्ल्यावरूनच “हो” म्हणालो. मग लगेच “न्हाई” म्हणालो. मोबाईल हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.