टिकलीएवढं वजन

शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर माझी बायको सुनंदा जेवणाच्या टेबलावर ड्रोन बांधायला बसली. आज त्याचं पहिलं उड्डाण. सकाळपासून ती एकेक पंखा विणकामाच्या सुईवर ओवत होती आणि सुई दोन डब्यांवर टेकवून बघत होती. तीन पंखे आडवे स्थिर राहिले. चौथ्याचं एक पातं मात्र दर वेळी खाली झुकायचं.

"जड बाजू घास की थोडी," मी म्हणालो.

"अहो, घासलेलं परत आणता येत नाही. हलक्या बाजूला थोडं देऊ." तिने पाकिटातली लाल टिकली काढून वरच्या पात्याला चिकटवली. पंखा जरा डुलला आणि आडवा थांबला.

टिकलीकडे बघताना मला आमची मुलं आठवली. आमचा मुलगा बडबड्या, मुलगी अबोल. दोघं सारखी व्हावीत म्हणून मी कायम मुलालाच दटावत आलो. मुलीला बोलतं करावं, हे मला सुचलंच नाही. तिचे फोन अजूनही 'बरी आहे' एवढ्यावर संपतात.

गच्चीवर ड्रोन डगमगत उठला आणि कमरेएवढ्या उंचीवर स्थिरावला. पाती दिसेनाशी झाली होती. हवेत फक्त टिकलीचं एक फिकट लाल कडं फिरत होतं.

खाली आल्यावर मी मुलीला फोन लावला.

"बरी आहे, बाबा."

"ते झालं गं. पुढचं सांग," खुर्ची ओढून बसत मी म्हणालो. "मला वेळच वेळ आहे."

ती म्हणाली, "खरंच सांगू?"