नकोआत्याचा बांध

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेजारच्या आत्याला सगळं गाव नकोआत्या म्हणायचं. चहात दूध? नको. कढी? नको. सुक्या बोंबलाची चटणी? नको. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिच्यापाशी आला की पातेलं न वाकवताच पुढे सरकायचा.

गोठ्यातलं रेडकू विकलं, त्या दिवसापासून हे सुरू झालं. म्हैस रेकत राहिली आणि आत्या चरवी घेऊन तिच्यापुढे उभी. "तिचं पोर खाटकाकडं, नि मी तिच्याकडं दूध मागतेय," ती सांगायची. पण दुसऱ्याला उपदेश नाही. मी तिच्या ओटीवर बसून तळलेलं पापलेट हाणलं, तर वर लिंबू कापून द्यायची.

मुंबईत नोकरीला लागल्यावर मी 'व्हीगन' हा शब्द शिकलो आणि ज्ञानाच्या भरात तिच्यासाठी नारळाच्या दुधाचा महागडा डबा घेऊन आलो. तिनं डबा कानाशी हलवला, मग परसातल्या माडांकडे पाहिलं. "ह्यांना दाखवू नकोस हां. रुसतील."

मी चिडलो. ती जेवायला बसलेली पाहून म्हणालो, "आत्या, तुझा भात तरी कुठे सोवळा? त्याच्यापायी चिंबोऱ्या मरतातच ना?"

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांध पोखरतात. बांध फुटला की खाडी शेतात शिरते, मग काही वर्षं तिथे पीक नाही. म्हणून सगळेच शिजवलेल्या भातात औषध कालवून गोळे बिळांत टाकत. मला वाटलं, जिंकलो. आत्याचा घास हातातच थांबला. "व्हय रे," ती म्हणाली. मग तो खाल्ला. "टाकून काय, मेलेल्या परत येतील?"

त्या पावसाळ्यापासून तिनं औषध बंद केलं. "जेवायला बोलवून मारायचं, नि त्याला म्हणायचं औषध!"

तिच्या शेताला लागूनच काशिनाथचं शेत, बांध दोघांचा एकच. तो येऊन ओरडला, "आत्या, बांध फुटला तर माझी पोरं काय तुझं पुण्य खातील?"

त्याचं खोटं नव्हतं. "फुटला तर माझ्या कणगीतलं भात आधी तुझ्या घरात," आत्या म्हणाली. आणि रोज ओहोटीला बांधावर जाऊ लागली. चिंबोरी काढून खाडीकडच्या तिवरांच्या झाडीत सोडायची, बीळ पेंढा-चिकणमातीनं बुजवायचं. "काही चेंगरतातच," ती म्हणायची. "म्हणून मुद्दाम आणखी मारू?"

मी ऐटीत मदतीला गेलो. पहिल्याच चिंबोरीनं माझं बोट धरलं. मी असा उडालो की पाय बिळात, आणि पाय वर आला तो चप्पल आत ठेवून. मी चप्पल शोधायला वाकणार, तोवर आत्यानं वर चिखल थापलाही. "राहू दे. बरी बसलीय."

बांध कधी फुटला नाही. काशिनाथ त्याचं श्रेय माझ्या चपलेला द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. मूलबाळ नव्हतं, शेत मला देऊन गेली. यंदा लावणी झाल्यावर काशिनाथ भाताचे गोळे घेऊन बांधावर आला. "आता अडवणारं कोन न्हाय. टाकू ना?"

दुपारीच मी चिंबोरीचं कालवण ओरपलं होतं. बोटांना अजून वास होता. तरी तोंडातून गेलं, "नको."

काशिनाथनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. गोळ्यांची पाटी त्यानं बाजूला ठेवली, बाह्या वर सारल्या.

"मग चपला काढून ये, नकोभाऊ. बांधाला एक पुरे हाय."